पाय मोडलाय आणि घरमालक खोली खाली करा म्हणतायत, सांगलीत काय करावं?

पहिलं म्हणजे प्लास्टरच्या पायानं घर शोधत फिरू नका. माझंपण अगदी असंच झालेलं, विश्रामबागला दुसऱ्या मजल्यावर राहायचो, गाडी घसरून नडगी मोडली आणि त्याच आठवड्यात मालक म्हणाले महिनाअखेर खोली मोकळी करा. जिना बसून बसून उतरायचो, एकेक पायरी, आई खालून प्लास्टरचा पाय धरायची. पाय दुखायचा तो वेगळाच, पण झोप उडाली ती सामान कुठं न्यायचं या काळजीनं.

मालकांना घरी बोलवा, सोबत एखादं वडीलधारं माणूस बसवा, एक्सरे दाखवा, दीड-दोन महिने मुदत मागा आणि जे ठरेल ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. ॲग्रीमेंट काढून नोटीस किती दिवसांची आहे ते बघा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची असते, आणि पाणी-लाईट तोडून भाडेकरूला हुसकता येत नाही. तसं केलंच तर १५१०० ला फोन लावा, विधी सेवावाले आहेत, बायकांना तर उत्पन्न कितीही असो वकील फुकट मिळतो, म्हणजे करार घरातल्या बाईच्या नावावर असेल तर बरंच सोपं.

ऑपरेशन सांगितलं असेल तर पैसे भरायच्या आधी महात्मा फुले योजनेत बसतंय का विचारा (१५५३८८), रेशनकार्ड-आधार जवळ ठेवा, मिरजेच्या सिव्हिललापण एकदा दाखवा.

आणि नवी खोली तळमजल्याचीच बघा, कमोड आहे का ते आधी विचारा, मला हे कुणी सांगितलं नव्हतं.