गुडघ्यातले जंतू आणि गुडघेदुखी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (नेरुळ): गुडघ्याच्या सांध्यात जिवाणूंचा डीएनए सापडतो, असे वाचले. आईला ऑस्टिओआर्थ्रायटिस (सांध्याची झीज) आहे. अँटिबायोटिकचा कोर्स देऊन पाहावा का?

देऊ नका. सापडला तो डीएनए. त्यावरून जंतू जिवंत होते असे ठरत नाही. या तपासणीत सर्व जिवाणूंमध्ये असणाऱ्या १६-एस जनुकाच्या असंख्य प्रती काढून तो वाचतात. मेलेल्या जिवाणूचा तुकडाही त्यात दिसतो. सांध्यातला नमुना जवळजवळ निर्जंतुक असतो, त्यामुळे सुईला लागलेल्या त्वचेवरचे किंवा रसायनांच्या किटमधले जिवाणूही निकालात उतरतात. म्हणून अशा अभ्यासात रिकामे नमुनेही (सांध्यातले काहीच न घातलेले) सोबत तपासले होते का, हे आधी पाहावे.

तरी विषय झटकून टाकण्यासारखा नाही. आतड्यातल्या जिवाणूंच्या भिंतीचे तुकडे रक्तातून सांध्याच्या अस्तरापर्यंत पोहोचतात आणि तिथल्या पेशींना चेतवून दाह वाढवतात, असा एक पटण्याजोगा मार्ग पुढे आला आहे. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या मोठ्या पाहणीत (२०१९) विष्ठेतले स्ट्रेप्टोकोकस जिवाणू जास्त, तिथे गुडघेदुखीही जास्त, असे आढळले. मात्र ॲसिडिटीच्या गोळ्यांनीही आतड्यात हेच जिवाणू वाढतात, आणि वेदनाशामके घेणाऱ्यांना त्या गोळ्या सर्रास दिल्या जातात. आधी काय घडले, हे अशा पाहणीतून ठरत नाही.

अँटिबायोटिकचा प्रयोग झालेला आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्थूल स्त्रियांना डॉक्सिसायक्लिन १०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, असे ३० महिने दिले. दुखऱ्या गुडघ्यातली फट (कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण झिजले की ती अरुंद होते) कमी होण्याचा वेग सुमारे ३३ टक्क्यांनी घटला. दुखणे मात्र कमी झाले नाही. शिवाय हे औषध तिथे कूर्चा खाणारी एन्झाइम्स रोखण्यासाठी वापरले होते, जंतू मारण्यासाठी नव्हे.

प्रश्न (कोपरी, ठाणे): वडिलांना शुगर आहे. एक गुडघा रात्रीत सुजून लाल, गरम झाला तर मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून दोन दिवस वाट पाहिली तर चालेल?

नाही. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, कारण हा खरा जंतुसंसर्ग असू शकतो. पू झालेल्या सांध्यात पांढऱ्या पेशींची एन्झाइम्स काही दिवसांतच कूर्चा विरघळवतात, आणि ती पुन्हा उगवत नाही. ताप नाही म्हणून थांबू नका. वयस्कर आणि मधुमेही माणसांत तो बरेचदा येतच नाही.

आधी गुडघ्यातले पाणी काढायचे, मग अँटिबायोटिक. रक्तदाब कोसळत असेल तर डॉक्टर थांबणार नाहीत, तो अपवाद. गोळी आधीच पोटात गेली की कल्चरमध्ये (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) जंतू उगवत नाही आणि पुढचे उपचार अंदाजाने चालतात. जी गोळी घेतली असेल तिचे नाव डॉक्टरांना सांगा.

काढलेले पाणी तीन ठिकाणी जायला हवे: पेशी मोजण्यासाठी जांभळ्या झाकणाच्या नळीत, कल्चरसाठी निर्जंतुक डबीत (थोडे ब्लड कल्चरच्या बाटलीत घातले तर जंतू सापडण्याची शक्यता वाढते) आणि गाउटचे (युरिक ॲसिडमुळे होणारा संधिवात) स्फटिक पाहायला मायक्रोस्कोपखाली. ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या पाण्यात पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरमध्ये साधारण २,००० च्या आत असतात. ५०,००० च्या वर गेल्या तर संसर्ग धरूनच चालतात. कमी आकड्यानेही तो नाकारता येत नाही, आणि ग्रॅम स्टेन (रंग देऊन मायक्रोस्कोपखाली जंतू शोधण्याची तपासणी) निगेटिव्ह आला म्हणून निश्चिंत होणे तर धोक्याचेच. सर्वाधिक वेळा सापडतो तो स्टॅफिलोकोकस ऑरियस. सांधा धुऊन काढणे आणि काही आठवडे अँटिबायोटिक, हा उपचार.

प्रश्न (कोपरखैरणे): दोन महिने एकच गुडघा सुजलेला आहे, फार दुखत नाही. स्टिरॉइडचे इंजेक्शन घेऊ का?

टीबी नाही याची खात्री होईपर्यंत नको. हाडासांध्यांच्या टीबीत मणका आणि खुबा यांच्यानंतर गुडघ्याचाच क्रमांक लागतो. संध्याकाळचा ताप, वजन घटणे ही लक्षणे नसली तरी टीबी असू शकतो. नुसत्या पाण्यात तो हुकतो. अस्तराचा तुकडा काढून बायोप्सी, सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) आणि टीबी कल्चर करावे. कल्चरला सहा आठवडेही लागतात. स्टिरॉइडने सूज उतरते आणि टीबी आत पसरत राहतो. निदान झाले तर औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात. वर्षभर किंवा जास्त घ्यावी लागतात.

प्रश्न (घोडबंदर रोड): गुडघा बदलायचा आहे. सर्जन आधी दात दाखवा म्हणतात. का?

किडलेल्या दातातले जंतू रक्तातून कृत्रिम सांध्यावर जाऊन बसू शकतात. धातूवर ते चिकट थर करून राहतात, तिथे अँटिबायोटिक नीट पोहोचत नाही. दात, पायाच्या बोटांमधल्या चिखल्या आणि शुगर आधी मार्गी लावा. त्या गुडघ्यात स्टिरॉइड घेतले असेल तर तीन महिने थांबा. ऑपरेशननंतर जखमेतून पाणी येऊ लागले तर थेट सर्जनकडे जा, स्वतःहून गोळ्या सुरू करू नका.

प्रश्न (ऐरोली): प्रोबायोटिकच्या महागड्या कॅप्सूल घ्याव्यात का?

गुडघ्यासाठी त्यावर पैसे घालवावेत इतका पुरावा नाही. दही खात असाल तर खात राहा. वजन जास्त असेल तर एक किलो उतरल्यावर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. खुर्चीत बसून पाय सरळ करा, मांडी आवळून ५ सेकंद धरा. १० वेळा, दिवसातून दोनदा. दुखेल तेव्हा १ टक्का डायक्लोफिनॅक जेल गुडघ्याला ४ ग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त चार वेळा लावा. किडनीचा किंवा हृदयाचा त्रास असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना विचारूनच.