खेड्यात स्वतःचा दवाखाना घातला तर घराला वेळ देता येतो का?

तुम्ही विचारलंय की लग्नानंतर गोव्यातल्या खेड्यात दवाखाना घातला तर घराला वेळ मिळेल का. मी सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या आतल्या भागात प्रॅक्टिस करते. वेळ मिळतो, पण त्यासाठी दवाखान्याच्या वेळा गावातल्या बायकांचा दिवस बघून ठरवाव्या लागतात.

फक्त सकाळ-संध्याकाळ उघडं ठेवलं की संध्याकाळी पुरुष आणि मुलं येतात. बाई तेव्हा रांधत असते. मग तीच रात्री आपल्या मागच्या दारी उभी राहते, पाळीचा रक्तस्राव थांबत नाही म्हणून. तिला परत पाठवणं मला जमत नाही, जमूही नये. म्हणून मी दुपारी बसते. त्या वेळी बायका एकट्या येऊ शकतात आणि अंगावरून पांढरं जाण्यापासून नवऱ्याच्या मारापर्यंत सगळं बोलतात. दुपारी बसायला लागल्यापासून रात्रीचं दार वाजणं खूप कमी झालं आणि संध्याकाळ माझ्या मुलांची झाली.

छातीत कळ, साप चावणं, गरोदरपणातला रक्तस्राव यांसाठी माझ्याकडे न येता थेट 108 ला फोन करा, हे मी प्रत्येक घराला सांगून ठेवलंय. असा रुग्ण गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात पोचायला हवा. माझ्या दारात त्याचा वेळच जातो.

काजूचा हंगाम मात्र कठीण. 2015 पासून सत्तरीत माकडतापाचे, म्हणजे गोचीड चावून होणाऱ्या तापाचे रुग्ण सापडतात. बागायतीत जाणाऱ्या माणसाला ताप आला की गोचीड चावली का विचारायचं, रक्त तपासायला पाठवायचं, घरच्यांना समजवायचं. नेमक्या त्याच दिवसांत मुलांच्या परीक्षा. त्या महिन्यांत अभ्यास नवरा घेतो. हे आम्ही आधीच ठरवलेलं असतं.

बाळंतपणाचा विचार आत्ताच करा. नोकरीत असाल तर प्रसूती रजेच्या कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. स्वतःच्या दवाखान्यात तुम्हाला तो कायदा लागू नाही. शेजारच्या गावातल्या एखाद्या डॉक्टरशी बोलून ठेवा: तुमच्या बाळंतपणात ती तुमचे रुग्ण बघेल, तिच्या अडचणीत तुम्ही तिचे बघा.

आणि सासरी लग्नाआधीच स्पष्ट विचारा: चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दिवशी रुग्ण आला तर नेवऱ्या (करंज्या) कोण तळणार? मी विचारलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "मी आहे ना, तू जा." तुम्हाला उत्तर टाळलं गेलं, तर दवाखान्याची जागा बघण्याआधी त्यावर बोलणं पूर्ण करा.