पटावरून गेलेली मुलं आधी मोज

प्रिय,

प्रबंधात अमेरिकेतल्या चार्टर शाळांच्या, म्हणजे सरकारी पैशावर पण करार करून स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळांच्या, बाजूनं लिहू की विरोधात, असं तू विचारलंस. बाजू नंतर ठरव. आधी पटावरून गेलेली मुलं मोज.

कायदा, करार, स्वायत्तता हे सगळं तुला तिथे अमेरिकेत शिकवतच असतील. 1988 साली शिक्षक संघटनेचे नेते अल्बर्ट शँकर यांनीच ही कल्पना उचलून धरली, 1991 मध्ये मिनेसोटात कायदा झाला, हेही तुला पाठ असेल. पण 1992 मध्ये सेंट पॉलला उघडलेली पहिली चार्टर शाळा शिक्षण अर्धवट सोडलेल्या मुलांसाठी होती, ही गोष्ट तुझ्या टिपणात कुठेच नाही. का नाही? पटाबाहेर पडलेल्यांना परत आणण्यासाठी उघडलेलं हे दार आहे. म्हणून या शाळांना माझा पहिला प्रश्न तोच असतो: तुमच्याकडून कोण गेलं?

2015 मध्ये न्यूयॉर्कच्या चार्टर शाळांच्या एका नामांकित साखळीतल्या शाळेत ‘जायलाच हवीत’ अशा 16 मुलांची यादी सापडली. ओहायोतली एक ऑनलाइन चार्टर शाळा जानेवारी 2018 मध्ये, ऐन वर्षाच्या मध्यावर बंद पडली आणि सुमारे 12 हजार मुलांना दुसरी शाळा शोधावी लागली. करार मोडला की वाईट शाळा बंद होते, हे सुधारणेचं बलस्थान म्हणून तू लिहिलंस. मुलं कुठे गेली, ते लिहिलं नाहीस.

आता लगेच विरोधी बाकावर जाऊन बसू नकोस! बॉस्टनच्या चार्टर शाळांतल्या प्रवेशाच्या सोडतीवरचा अभ्यास नीट वाच. सोडतीत नंबर लागलेलं मूल पुढे शाळा सोडून गेलं, तरी संशोधकांनी ते नंबर लागलेल्यांतच धरलं, आणि तरीही लाभ मोठा दिसला. असा हिशेब मी मान्य करते. कट्रिना चक्रीवादळानंतरच्या न्यू ऑर्लिन्स शहरात जवळजवळ सगळ्या शाळा चार्टर झाल्या, गुणही वाढले. पण मुलांना काढून टाकण्याचा निर्णय 2012 पासून एकेका शाळेच्या हातातून काढून घ्यावा लागला. यावर एक अख्खं प्रकरण लिही.

तुझ्या पानोपानी टक्केवारी आहे आणि मूल एकही नाही, म्हणून मी चिडले. आमच्याकडे दहावीच्या शंभर टक्के निकालाचा फलक रंगवला, तेव्हा नववीतच ज्यांच्या हाती दाखले ठेवले होते, त्यांची संख्या खाली लिहा, एवढंच मी म्हणाले होते. ती लिहिली नाही, म्हणून अहवालावर मी सही केली नाही. मुख्याध्यापकपद दुसऱ्याला मिळालं. ‘बाईंना संस्थेचं चांगलं बघवत नाही,’ असंही ऐकलं. आजही सही करणार नाही. जनरल रजिस्टर माझ्यासमोर होतं, नावं माझ्या वर्गातली होती. मी नाही तर कोण बोलणार होतं? खंत आहे ती त्या मुलांची. बहुतेकांचा पुढे पत्ताच लागला नाही.

तुला पोरांची कळकळ आहे, म्हणून इतकं लिहिते. पुढच्या पत्रात निष्कर्ष नकोत. तू निवडलेल्या शाळांचा पाचवी ते आठवीचा इयत्तावार पट पाठव. कमी झालेल्या जागांवर नवी मुलं घेतली की जागा रिकाम्या ठेवल्या, तेही कळव. आकडे मिळत नसतील तर शाळेला पुन्हा विचार, आणि नकार आला तर तो प्रबंधात जसाच्या तसा छाप.

तुझ्या बाई