रोड ट्रिपमध्ये शिकागोला एकच दिवस आहे, बेसबॉल कळत नाही. तरी रिग्ली फील्डला जावं का?

जरूर जा, पण दुपारची मॅच बघा. १९१४ चं हे मैदान. इथे दिवे लागले थेट १९८८ मध्ये, त्यामुळे खरी मजा उन्हातच. मैदानाच्या भिंतीवर आयव्हीची वेल आहे. चेंडू तिच्यात अडकला की फलंदाजाला दोन बेस, म्हणजे एका धावेच्या चार टप्प्यांपैकी दोन, आपल्या गल्ली क्रिकेटमधल्या 'झाडाला लागला तर दोन'सारखंच! एप्रिलमध्ये मात्र वेल उघडीबोडकी असते आणि वारा बोचरा. स्कोअरबोर्डवरचे आकडे अजून माणसं हाताने बदलतात. गाडी हॉटेलवरच ठेवा, तिथे पार्किंग म्हणजे डोक्याला ताप. रेड लाइन मेट्रोने अ‍ॅडिसन स्टेशनला उतरा, मैदान समोरच. नियम शेजारी बसलेल्याला विचारा.