मस्ट बी डूइंग, मस्ट हॅव डन, मस्ट हॅव बीन डूइंग : कुठे काय वापरायचं?

इंग्रजी क्रियापदांच्या या रूपांचा तक्ता पाठ आहे, पण बोलताना या तिघांत गोंधळ होतो, असं तुम्ही लिहिलंय. तक्ता राहू द्या बाजूला, आधी आपलं मराठी वाक्य नीट ऐका.

‘ती वाचत असेल’ आणि ‘तिने वाचलं असेल’. दोन्हीकडे ‘असेल’ हा अंदाज, म्हणजे इंग्रजीतलं मोडल (मस्ट, मे, माइट यांसारखं साहाय्यक क्रियापद). काम चालू आहे की उरकलं, ते आधीच्या क्रियापदावरून कळतं. ‘वाचत’ला बी रीडिंग, ‘वाचलं’ला हॅव रेड. खात्री असेल तर आपण ‘असणार’ म्हणतो, तिथे मस्ट. नुसत्या शक्यतेला मे किंवा माइट.

आपली माणसं अडकतात ती ‘तो झोपला असणार’सारख्या वाक्यात. ‘झोपला’ ऐकून ‘ही मस्ट हॅव स्लेप्ट’ तोंडात येतं, पण सांगायचं असतं की तो आत्ता झोपेत आहे. म्हणून ‘ही मस्ट बी स्लीपिंग’. बसणं, उभं राहणं, कपडे घालणं यांचंही तेच. ‘तिने स्वेटर घातला असेल’ म्हणजे अंगात आत्ता असेल, तर ‘शी मे बी वेअरिंग अ स्वेटर’. उलट ‘तिला माहीत असणार’ला नुसतं ‘शी मस्ट नो’. तिथे ‘बी नोइंग’ करू नका.

आता तिसरा प्रकार. ‘मी फोन केला तेव्हा ती गाडी चालवत असणार.’ मराठीत ‘असणार’ आजलाही चालतं आणि कालच्या गोष्टीलाही, ‘तेव्हा’वरून आपण समजून घेतो. इंग्रजीत ‘शी मस्ट बी ड्रायव्हिंग’ म्हटलंत की ती या क्षणी गाडीत बसली. गोष्ट मागे न्यायला हॅव लागतं : ‘शी मस्ट हॅव बीन ड्रायव्हिंग व्हेन आय कॉल्ड’. मोडलनंतर क्रियापद मूळ रूपातच येतं, त्यामुळे कर्ता ही असो वा शी, ‘मस्ट हॅज’ किंवा ‘मस्ट हॅड’ कधीच नाही.

सक्तीचा मस्ट मात्र वेगळा. ‘मला काल ऑफिसला जावं लागलं’ हे ‘आय हॅड टू गो’. त्याऐवजी ‘आय मस्ट हॅव गॉन’ म्हटलंत, तर ‘मी गेलो असणार बहुतेक’ असा अर्थ होतो. साहेब काळजीने बघतील! तसंच ‘फॉर्म भरू शकलो’ला ‘आय वॉज एबल टू’. ‘कुड हॅव फिल्ड’ म्हणजे भरू शकलो असतो, पण भरला नाही.

नकाराचं थोडक्यात. ‘तो गेला नसणार’ला ‘ही कान्ट हॅव गॉन’. अमेरिकेत ‘मस्ट नॉट हॅव गॉन’ही म्हणतात. ‘आय नीडन्ट हॅव कुक्ड’ म्हणजे स्वयंपाक करून बसले आणि गरजच नव्हती. ‘आय डिडन्ट नीड टू कुक’मध्ये केला की नाही ते कळत नाही.

आणि ऐकताना हे हॅव पूर्ण ऐकू येईल अशी अपेक्षा ठेवू नका. बोलण्यात ‘शुड हॅव’चं ‘शुडव’ होतं. त्यामुळे खुद्द इंग्रज मंडळीसुद्धा ‘शुड ऑफ’ लिहून मोकळी होतात. ते तेवढं उचलू नका, परीक्षेत मार्क जातील.