रक्त कमी आहे, पण का?

रोवणी आटोपली की 'रक्त कमी आहे' एवढ्या एकाच तक्रारीची पत्रे येऊ लागतात. बहुतेकांची टॉनिकची बाटली संपलेली असते आणि तपासणी व्हायची असते. या वेळी सगळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : रक्त हृदयात बनते की यकृतात? वर्गात वाद झाला. (विद्यार्थी, पवनी)

दोन्हीकडे नाही. लाल पेशी हाडांच्या आतल्या मज्जेत बनतात. मोठ्या माणसात मुख्यतः मणके, कमरेचे हाड, छातीचे हाड आणि बरगड्या यांत. पोटातल्या बाळात मात्र काही महिने हे काम यकृत करते, म्हणून यकृतवाल्यांना अर्धा गुण द्या.

प्रश्न : बीट आणि डाळिंबाने रक्त वाढते का?

रंग लाल आहे म्हणून वाढत नाही. आवडत असेल तर खा.

प्रश्न : वावरातून आलो का लय थकवा येते. गावातला डॉक्टर म्हणते, लाल सलाईन लावून घे, रक्त भरते. लावू काय? (दिग्रस)

नाही. त्या बाटलीत पाणी, मीठ नाहीतर साखर आणि रंगापुरते जीवनसत्त्वाचे इंजेक्शन असते. त्याने रक्त वाढत नाही, उलट थोडे पातळ होते. आणि रक्त खरोखरच फार कमी असेल तर आधीच दमलेल्या हृदयावर हे जास्तीचे पाणी भारी पडू शकते.

लाल पेशी तासाभरात तयार होत नाही. रक्तातला ऑक्सिजन कमी पडला की ते मूत्रपिंडाला आधी कळते. ते एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक सोडते आणि त्या इशाऱ्यावर मज्जा कामाला लागते. तिथली मूळ पेशी विभागत जाते, हिमोग्लोबिन भरून घेते, शेवटी आपले केंद्रकसुद्धा बाहेर टाकते आणि साधारण आठवड्याने रक्तात उतरते. यासाठी लोह, फॉलिक अॅसिड, बी-12 आणि प्रथिने लागतात. यातले काय कमी पडले, की मूत्रपिंडच थकले, हे तपासल्याशिवाय मलाही सांगता येणार नाही, मग त्या डॉक्टरला बाटली बघून कसे कळले? लोहाचे इंजेक्शन शिरेतून देतात हे खरे, पण ते रिपोर्ट पाहून आणि रुग्णालयात. पैसे सलाईनवर घालवण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करून घ्या.

प्रश्न : वय 52, पुरुष. एचबी (हिमोग्लोबिन) 8. लोहाच्या गोळ्यांनी वाढते, बंद केल्या की उतरते. कंबर दुखते म्हणून दुखण्याच्या गोळ्या रोज घेतो.

उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात असू शकते. लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते. ती मोडल्यावर तिच्यातले लोह शरीर परत वापरते. पुरुषाच्या शरीरातून रोज जेमतेम 1 मिलिग्रॅम लोह बाहेर जाते. तरीही ते संपते आहे, तर बहुधा कुठेतरी रक्त जाते आहे. दुखण्याच्या गोळ्यांनी जठरात झालेली जखम, मूळव्याध, अनवाणी वावरात फिरल्याने झालेले हुकवर्म नावाचे आतड्यातले जंत, आणि या वयात आतड्याचा कर्करोगही. गोळ्या वाढवत बसू नका. शौचाची तपासणी आणि गरज पडल्यास दुर्बिणीची तपासणी करा. याच महिन्यात फिजिशियनला भेटा.

प्रश्न : शाळेतल्या निळ्या गोळीने मुलीला काळी शी होते. बंद करू का?

नको. तो लोहाचा रंग आहे. गोळी जेवणानंतर घेऊ द्या आणि लगेच चहा देऊ नका.

प्रश्न : मुलगी 9 वर्षांची. एचबी 7 च्या वर जात नाही. टॉनिकच्या तीन बाटल्या झाल्या. थंडीत हातपाय दुखून रडते, डोळे पिवळे दिसतात. आजी म्हणते बाधा आहे, शेजारी म्हणतात कावीळ उतरवून आणा. (सिंदेवाही)

याच पत्रासाठी मी हा स्तंभ लिहितो. तुमचे जवळजवळ प्रत्येक वाक्य सिकलसेल या आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराकडे बोट दाखवते, आणि तीन बाटल्या संपेपर्यंत कुणी ती तपासणी सांगितली नाही! चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात हे क्षम्य नाही.

सिकलसेलमध्ये मज्जा आळशी नसते, ती नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पेशी बनवते. पण 120 दिवस जगायची पेशी 10 ते 20 दिवसांतच मोडते. तुटलेल्या पेशींमुळे डोळे पिवळे होतात. ती झाडपाल्याने उतरणारी कावीळ नाही. विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात म्हणून हातपाय दुखतात. मोडलेल्या पेशींतले लोह बहुतांश शरीरातच राहते. तेव्हा फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) न तपासता लोहाचे टॉनिक पाजू नका. मुलीला रक्त चढवलेले असेल तर मुळीच नको, कारण ते लोह यकृतात आणि हृदयात साठते. मज्जेच्या या धावपळीत भराभर संपते ते फॉलिक अॅसिड.

सोल्युबिलिटी चाचणी आरोग्य केंद्रात होते, पण तिच्यावर थांबू नका; वाहक (ज्याला हा दोष आईवडिलांपैकी एकाकडूनच आला आहे) आणि रुग्ण (ज्याला दोघांकडून आला आहे) यांतला फरक तिला कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी लागते. 1 जुलै 2023 पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे, या आजाराच्या पट्ट्यातल्या 40 वर्षांपर्यंतच्या सर्वांची तपासणी त्यात धरली आहे. आशाताईंना विचारा. निदान झाले तर हायड्रॉक्सीयुरिया हे औषध उपयोगी पडते, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीत, ठरावीक काळाने रक्त तपासतच.

तोवर पाणी भरपूर, थंडीत अंगात गरम कपडे. ताप आला, पोटाची डावी बाजू एकदम फुगली किंवा मुलगी अचानक पांढरीफटक पडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. एका विषाणूमुळे मज्जा काही दिवस काम थांबवू शकते आणि अशा मुलांचे एचबी तेवढ्यात धोक्याच्या पातळीखाली जाते. देवर्षी नंतर.

प्रश्न : सोयरीक जमली आहे. मुलगा सिकलसेलचा वाहक निघाला. आता मोडायची का?

आधी मुलीची एचपीएलसी करा. ती पूर्ण सामान्य असेल तर त्यांच्या मुलांना हा आजार होणार नाही. फार तर काही वाहक होतील. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के. 'चारातले एक' असे मोजून पहिले तीन निर्धास्त समजू नका. ती थॅलेसेमियाची (हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराची) वाहक निघाली तरी धोका आहे. लग्न करायचे की नाही हे दोघांनी समुपदेशकासमोर बसून ठरवावे. वाहक माणूस आजारी नसतो, त्याला गावभर बदनाम करू नका.

प्रश्न : रक्तदान परत कधी करता येईल?

पुरुषांना 90 दिवसांनी, महिलांना 120 दिवसांनी. एचबी 12.5 च्या खाली असले तर शिबिरातून परत पाठवतील. रागावू नका, आकडा लिहून घ्या आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.