कॅफे नियमांमुळे ऑफ-रोडिंगचा छंद बंद पडेल का?

दारातल्या जुन्या जीपला काही धक्का नाही, निर्धास्त राहा. कॅफे नियम, म्हणजे गाड्यांच्या सरासरी इंधनक्षमतेचे सरकारी नियम, कंपनीला लागू होतात: वर्षभरात विकलेल्या सगळ्या नव्या गाड्यांच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनाची सरासरी बघतात. 2022-23 पासूनच्या टप्प्यात ही मर्यादा किलोमीटरला साधारण 113 ग्रॅम आहे आणि वजनदार गाड्या विकणाऱ्या कंपनीला मर्यादा थोडी सैल मिळते.

फरक पडेल तो नवी फोर बाय फोर घेताना. सरासरी सांभाळायला कंपन्या इलेक्ट्रिक, हायब्रिड वाढवतील. मोठ्या डिझेल इंजिनाचे पर्याय कमी होतील, कदाचित महागही. मला स्वतःला इलेक्ट्रिकची धास्ती वाटत नाही, उलट चिखलात, चढाला पहिल्या क्षणापासून टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) मिळतो. अडचण आहे ती गगनबावड्याच्या आडवाटांवर चार्जिंगची. आणि हो, मोठे टायर, गाडी उंच करणारं लिफ्ट किट हा विषय कॅफेचा नाही, आरटीओचा. ते आधी विचारून घ्या.